घेतूया की उचलून!

कोल्हापुरात कुठल्याही पायरीपाशी माझी खुर्ची थांबली की अर्ध्या मिनिटात एक वाक्य ऐकू येतं. "काय टेन्शन न्हाई ताई, घेतूया की उचलून!" आणि ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलेलं नसतं. पानाच्या टपरीवरचे दोघं, मोटारसायकल स्टँडला लावणारा एक, शेजारच्या दुकानातला एक, असे चार जण खरोखर जमतात. तू पुढचं चाक धर, तू मागनं ये, एक, दोन, तीन. मी वर. कुणी पैसे मागत नाही, कुणी नाव विचारत नाही. तालमींच्या गावात उचलायला माणसं कमी पडत नाहीत.

मी चाकाच्या खुर्चीवरून फिरते. कशामुळे आणि कधीपासून, हे या लेखाला लागत नाही. ते सांगायला घेतलं की वाचणारा डोळे पुसतो आणि मुद्दा बाजूला राहतो. लेखाला एवढंच लागतं की मी नाटकं-सिनेमे बघते, पुस्तकं वाचते आणि त्यांच्याबद्दल लिहिते. समीक्षा हे माझं काम. आणि माझ्या मते आमच्या शहरात सध्या सगळ्यात जास्त समीक्षेची गरज कशाला असेल, तर ती या तीन शब्दांना आहे. घेतूया की उचलून. नाटकातल्या एखाद्या संवादाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघू. कोण बोलतंय, कुणाशी, आणि बोलून झाल्यावर स्टेजवर काय बदलतं?

काहीच बदलत नाही, हे पहिलं उत्तर. पायरी होती तिथेच राहते. मी वर गेले म्हणजे प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटतं, मालकाला तर फारच वाटतं. पायरी ही कुणीतरी आराखड्यात काढलेली, कुणीतरी मंजूर केलेली, कुणीतरी बांधलेली गोष्ट आहे. पण उचलायला माणसं आली की पायरीचं बोलणंच बंद होतं आणि माझ्या वजनाचं सुरू होतं. "हलक्या आहेत की ताई!" असं कौतुकही होतं. उद्या माझ्यामागून पन्नास-साठ किलोची बॅटरीवरची खुर्ची घेऊन कुणी आलं, तर त्याला हे चौघं उचलू शकणार नाहीत. मग तो बिचारा दुर्दैवी, पायरीचा मात्र दोष नाही.

दुसरं, हात. उचलताना हात कुठे लागतो? चांगल्या मनाचा का असेना, अनोळखी पुरुषाचा हात माझ्या मांडीखाली, पाठीवर, काखेत असतो. त्यांची नजर साफ असते, मी शंका घेत नाही. पण अंग माझं आहे, आणि नाटकाला जायचं तर आधी चार अनोळखी हातांना होकार द्यायचा, ही अट तुम्हाला कुणी घालतं का? बऱ्याच बायका ही अट मान्य न करता घरी बसतात. आणि मग नाट्यगृहाच्या ऑफिसात ऐकायला मिळतं, "अहो, अपंग प्रेक्षक येतच नाहीत. रॅम्प करायचा कुणासाठी?"

तिसरी गोष्ट समीक्षकाची आहे, त्यामुळे मला जरा जास्त झोंबते. दुसऱ्या एका शहरातलं नाट्यगृह. नाव घेत नाही, तुमच्या शहराचं घातलंत तरी चालेल. तिथे मला सहा पायऱ्या उचलून आत नेलं, पाचव्या रांगेशेजारी मधल्या वाटेत ठेवलं. "आत्ता कुणी आडवं आलं तर सांभाळून घ्या," असं वर बजावलं. नाटक विसाव्या मिनिटाला संपलं होतं. म्हणजे प्रयोग पुढे दोन तास चालला, नाटक संपलं होतं. वाईट नाटक मध्येच सोडून उठणं हा प्रेक्षकाचा सगळ्यात जुना हक्क आहे. मला तो वापरायचा तर अंधारात चार माणसं शोधायची, त्यांनी मला उचलायचं, नटांनी संवाद थांबवून बघायचं. मी बसून राहिले. मध्यंतरात चहा नाही, कारण चहा खाली. स्वच्छतागृहही खाली, आणि त्याचा दरवाजा माझ्या खुर्चीपेक्षा अरुंद. तसं ते आधीच गृहीत धरलेलं असतं. संध्याकाळी नाटक असलं की माझं दुपारपासून पाणी बंद. दुसऱ्या दिवशी त्या नाटकावर तिघांनी लिहिलं. दुसऱ्या अंकाबद्दल फक्त माझ्या लेखात मजकूर होता. बाकीचे दोघं मध्यंतरालाच घरी गेले होते.

आता हिशेब. कंटाळा येईल, पण एकदा करून ठेवला की पुढे कायम उपयोगी पडतो.

उताराचं सरकारी प्रमाण एकास बारा आहे. एक इंच चढायला बारा इंच लांबी. नेहमीच्या सहा इंची तीन पायऱ्या घ्या, म्हणजे अठरा इंच उंची झाली. त्याला अठरा फूट लांब उतार लागतो, शिवाय दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली खुर्ची वळेल एवढी सपाट जागा, आणि पावसात न घसरणारी फरशी. तुमच्या गावातल्या कुठल्याही सरकारी इमारतीपुढचा रॅम्प डोळ्यांसमोर आणा. पाच-सहा फूट? त्यावर चकचकीत ग्रॅनाइट? समोर दोन ॲक्टिव्हा लावलेल्या? एकास तीन किंवा एकास चारचा तो उतार चढताना माझी खुर्ची मागे उलटते. तो माझ्यासाठी बांधलेला नसतोच. त्यावरून साउंडच्या पेट्या आणि पाण्याचे जार जातात. फोटोत मात्र तो रॅम्प असतो आणि अहवालात त्याच्यापुढे 'होय' असतं.

पिवळ्या फरशांची तीच गत. फुटपाथवरच्या त्या उंच रेघा आणि ठिपके नक्षी म्हणून नसतात. रेघा म्हणजे अंध माणसाला पायाने किंवा काठीने कळणारं 'सरळ चला', ठिपके म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे'. आपल्याकडे ठेकेदार त्या रांगोळीसारख्या घालतो. रेघा सरळ जाऊन विजेच्या खांबाला भिडतात. वाचता न येणाऱ्या माणसाने अक्षरं जुळवावीत तसं हे लिखाण आहे, आणि ज्याला वाचता येतं तो ते वाचून खांबावर आपटतो.

कायदा काय म्हणतो? २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा स्पष्ट आहे. प्रमाणं पाळली नाहीत तर नव्या इमारतीला बांधकाम परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षं. नियम जून २०१७ मध्ये निघाले, मुदत जून २०२२ मध्ये संपली. मधल्या काळात एक गंमत झाली. ती भाषेची असल्यामुळे माझ्या खात्यात येते. कायद्याची भाषा होती 'केलंच पाहिजे'. नियमांमधून ज्या प्रमाणांकडे बोट दाखवलं होतं, त्यांची भाषा मात्र होती 'केलेलं बरं'. आपल्या सरकारी मराठीत त्यासाठी एक फार लाडका शब्द आहे, 'शक्यतो'. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं. कायदा बंधनकारक असेल तर त्याखालचा नियम नुसत्या सूचनेसारखा असू शकत नाही, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक प्रमाणं ठरवायला सांगितली. कायदा होऊन तोवर जवळजवळ आठ वर्षं झाली होती. क्रियापदाच्या एका रूपावर आठ वर्षं जातात. व्याकरणाला कुणी फालतू म्हणू नये.

शब्दांचं निघालंच आहे तर 'दिव्यांग'. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हा शब्द सुचवला आणि थोड्याच काळात सरकारी पाट्या बदलल्या. कायद्याच्या मराठी नावात तो आहे, महाराष्ट्रात २०२२ पासून स्वतंत्र विभाग आहे, त्याच्याही नावात आहे. तो शब्द वापरणाऱ्या कुणावर माझा राग नाही. पण त्याची हालचाल बघा. 'अपंग' म्हटलेल्या माणसाला त्याने जमिनीवरून एकदम देवाच्या पंक्तीत नेऊन ठेवलं. मधली पायरी, म्हणजे माणूस, तेवढी राहिली. शब्दानेसुद्धा उचललंच की आम्हाला.

आणि शब्दांपेक्षा गोष्टींनी जास्त उचललं आहे.

'चौकट राजा' (१९९१) तुमच्या घरात आई-बाबांनी कधी ना कधी लावला असेल. दिलीप प्रभावळकरांचा नंदू. त्यातला अभिनय आजही थक्क करतो, हात आखडण्यापासून नजर भिरभिरण्यापर्यंत काहीही ढिलं नाही, आणि तो मिमिक्री होत नाही. पण गोष्ट कुणाची आहे? लहानपणीच्या अपघाताने नंदूची वाढ खुंटली आणि ती बालमैत्रीण मोठी होऊन परत भेटली. सिनेमाचं इंजिन आहे तिची अपराधी भावना आणि त्यातून तिच्या संसाराला गेलेला तडा. नंदू हा त्या संसाराची परीक्षा आहे. त्याला काय हवंय हा प्रश्न पटकथेत फार वेळ टिकत नाही. संजय सूरकरांचा हा सिनेमा मला आवडतो, अजूनही. आवडतो म्हणूनच दर वेळी बघताना वाटतं की कॅमेरा जरा त्याच्या उंचीवर आणा.

'श्वास' (२००४) त्याहून काटेकोर. डोळ्यांचा कॅन्सर झालेला परशा, त्याचे आजोबा, आणि ऑपरेशनआधी पोराला जग दाखवून आणायची आजोबांची धडपड. संदीप सावंत यांनी एकही अश्रू फुकट घालवलेला नाही. पण रचना बघा. सगळा ताण 'आता दिसायचं बंद होणार' यावर आहे. दिसायचं बंद झालेला परशा गावी परततो तिथे सिनेमा थांबतो. मला नेहमी पुढचा सिनेमा बघायचा असतो. परशा सोमवारी शाळेत कसा गेला? ब्रेल कुणी शिकवलं? कोकणातल्या त्या निसरड्या पाखाडीवरून त्याला कुणी काठी धरायला शिकवलं, की दहावीपर्यंत आजोबांनीच उचलून नेलं? ती गोष्ट मराठीत कमी लिहिली गेली, कारण तिच्यात शोक नाही. वेळापत्रक आहे.

'यलो' (२०१४) इथे वेगळा ठरतो. डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटूची भूमिका गौरी गाडगीळ या खेळाडूनेच केली, गोष्टही तिचीच होती. महेश लिमयेंच्या या सिनेमातही आई आणि प्रशिक्षक खूप जागा घेतात, पण पाण्यात ती एकटी असते. तिथे कुणी तिला उचलत नाही, उचलूच शकत नाही. पडद्यावर त्या काही मिनिटांत जे घडतं ते अभिनय म्हणून मोजायचं की पोहणं म्हणून, हे मला ठरवता येत नाही, आणि म्हणून तो भाग मी परत परत बघते.

विनोदी नाटकातल्या बहिऱ्या काकांवर एक वेगळा लेख होईल. एवढंच सांगते की जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद आणि अपंग माणसाला हिणवणारा विनोद यांत फरक केला. आमच्या फार्सवाल्यांनी तो निकाल वाचावा. काकांना ऐकू येत नाही यावर हसणारं थिएटर, ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकासाठी मात्र काही करत नाही. सिनेमागृहांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं तरी काढली, मजकुराच्या पट्ट्या आणि अंधांसाठी दृश्यवर्णन यांची. मराठी सिनेमा थिएटरात लागतो तेव्हा बहुतेक वेळा खाली इंग्रजी सबटायटल असतात, दिल्ली-बंगळूरच्या प्रेक्षकासाठी. इचलकरंजीच्या, मराठी वाचणाऱ्या पण न ऐकणाऱ्या मुलीसाठी मराठी अक्षरं नसतात. भाषेचा अभिमान इतका, आणि ही साधी गोष्ट सुचू नये?

आता एका पुस्तकाकडे येते, कारण ते याच गावात घडलं. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची'. सोळाव्या वर्षी कमरेखालचं अंग गेलेली मुलगी, पुढे कोल्हापुरात केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी करते, आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करते. वसतिगृह, शाळा, कामं शिकवणारी कार्यशाळा. आमच्याकडे शाळेच्या बक्षीस समारंभात हे पुस्तक वाटतात. 'प्रेरणादायी' हा शब्द त्याला इतका चिकटलाय की मुखपृष्ठावर छापलाय की काय असं वाटतं.

मला ते पुस्तक प्रेरणा म्हणून वाचवत नाही. मला ते शहरावरची टीका म्हणून वाचायला आवडतं. आधी शीर्षक बघा. झुंज, भरारी, तेज, पहाट, यातलं काही नाही. एका वस्तूचं नाव आहे. वस्तू बरोबर असेल आणि ती जिथून जाणार ती जमीन बरोबर असेल, तर माणूस कामाला जातो, परत येतो, भांडतो, संस्था काढतो. एवढं साधं म्हणणं त्या शीर्षकात आहे आणि आपण त्याच्यावर हार घालून ते झाकून टाकलं. एक बाई चाकाच्या खुर्चीवरून एवढं करते हे वाचून आपण थक्क होतो. इतकं करायला तिला स्वतःची वेगळी इमारत, वेगळं वसतिगृह, वेगळी शाळा का उभी करावी लागली, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. ती इमारत आत शिरता येण्यासारखी आहे. मग तिला देणगी देणाऱ्या शहराच्या इमारती कशा आहेत? शाळेच्या सहली तिथे जातात, मुलं हळवी होऊन परत येतात, आणि ज्या शाळेतून सहल निघाली त्या शाळेच्या दारात पाच पायऱ्या असतात. पुस्तकाने गावाला चांगुलपणा शिकवला असेल. ते गावाला गवंडीकाम शिकवायला बसलं होतं.

हे सगळं आत्ता लिहायला कारण आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं ते नाट्यगृह शेजारच्या खासबाग मैदानासकट आमच्या गावाच्या अंगाचा भाग आहे. दगडी भिंती उरल्या, आतलं गेलं. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून माणसं रडली. बाहेरगावच्या मित्रांना ते जरा जास्त वाटलं असेल. ज्यांनी तिथे पहिलं नाटक बघितलं, पहिली टाळी घेतली, त्यांना नाही वाटलं. त्याच रात्रीपासून एक मागणी सुरू झाली आणि नेत्यांनीही ती लगेच उचलली. नाट्यगृह होतं तसंच उभं राहिलं पाहिजे. जसंच्या तसं.

मागणीमागचं दुःख मला समजतं, ते माझंही आहे. पण 'जसंच्या तसं' हे वाक्य मला 'घेतूया की उचलून' याचं सख्खं भावंड वाटतं. दोन्ही प्रेमातून येतात आणि दोन्हींत पायरी जागेवर राहते.

शिवाय ते खरंही नाही. १९१५ सालचं जसंच्या तसं कुणालाच नकोय. तेव्हा वातानुकूलन नव्हतं, ध्वनिक्षेपक नव्हते, आताच्यासारखी प्रकाशयोजना नव्हती. ते सगळं हवंय, आणि हवंच. म्हणजे काय ठेवायचं आणि काय बदलायचं याची निवड होणारच आहे. भिंतीचा दगड, कमान, दर्शनी रूप ठेवा, जिवापाड जपा. पण ध्वनिक्षेपक आला म्हणून वारसा बाटत नसेल तर अठरा फुटांच्या उताराने कसा बाटतो?

आणि शाहू महाराजांचं नाव घेऊन जसंच्या तसं म्हणायचं, याचं मला जरा हसू येतं. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने ज्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखल्या, त्यांची सगळी कारकीर्द 'जसं आहे तसं' मोडण्यात गेली. जातीचा दरवाजा आणि माझा दरवाजा एक नाही, मी ती तुलना करत नाही. पण दार कुणासाठी बंद आहे हे बघायची सवय त्या माणसाला होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

या नाट्यगृहाचं आगीशी नातं आहे म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या रात्री कुणाचा जीव गेला नाही. आता एखाद्या भरलेल्या नाट्यगृहाची कल्पना करा, कुठल्याही गावातल्या. सातशे माणसं, धूर, गेलेली वीज. त्यात आठव्या रांगेशेजारी मी, जिला चार जणांनी उचलून आणून ठेवलंय. ते चौघं प्रयोग सुरू होण्याआधीच चहाला गेलेत. कुणालाही दोष देता येणार नाही. सातशे जणांच्या त्या धावपळीत 'घेतूया की उचलून' म्हणायला कोण थांबेल? उतार आणि रुंद दार यांना सगळे 'सोय' म्हणतात, जणू काही उशी किंवा गरम पाणी. माझ्यासाठी तो बाहेर पडायचा एकमेव मार्ग आहे. आणि माझ्याच कशाला, त्या गर्दीत ऐंशी वर्षांच्या आजी असतात, कडेवर बाळ घेतलेली आई असते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका असतात.

नवं बांधताना हे करणं सगळ्यात स्वस्त पडतं. फरशी घालून झाल्यावर ती उखडून श्रवणयंत्रासाठी तारेचं वेटोळं टाकायचं म्हणजे खर्च, फरशीआधी टाकलं तर थोडीशी तार. त्या वेटोळ्याने नटाचा आवाज खोकणारे, कागद फाडणारे यांना वगळून थेट श्रवणयंत्रात जातो. खुर्च्यांसाठी मोकळ्या जागा एका कोपऱ्यात नकोत, वेगवेगळ्या रांगांत आणि वेगवेगळ्या दरांत हव्यात, शेजारी सोबत्याची खुर्ची हवी. मला माझ्या मैत्रिणीच्या बाजूला बसून कुजबुजायचं असतं. तिकीट खिडकी खाली हवी. लिखित नाटकाच्या संवादांच्या पट्ट्या बाजूच्या पडद्यावर दाखवणं अवघड नाही, संहिता ठरलेली असते. नट ऐनवेळी पदरचे विनोद घालतात तेव्हा पट्टी चालवणाऱ्याचा गोंधळ होईल, पण तो गोंधळ बघायला मी स्वतः तिकीट काढून येईन.

आणि रंगमंच. याबद्दल कुणीच बोलत नाही. रॅम्प, लिफ्ट, खुर्चीची जागा, सगळं बोलणं प्रेक्षागृहापाशी थांबतं, कारण आमच्यासारख्यांनी बघायला यायचं हे ठरलेलं आहे. करायला नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या कुणाला पुरस्कार मिळतो तेव्हा प्रमुख पाहुणे स्टेजवरून खाली उतरतात, वाकतात, शाल घालतात. टाळ्या अर्धा मिनिट जास्त पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्या वाकण्याचा फोटो 'हृद्य क्षण' म्हणून छापून येतो. पाहुण्यांचा मोठेपणा त्या फोटोत दिसतो. स्टेजला उतार नाही हे दिसत नाही. स्वागत थोरातांनी बसवलेल्या 'अपूर्व मेघदूत'मध्ये सगळे कलाकार अंध होते. ज्यांना दिसत नाही ते रंगमंच नीट वापरू शकतात, त्याची मापं आधी हाताखाली आणि पायाखाली आली तर. चाकं असलेल्यांना मापं कळून उपयोग नाही, आधी वर पोचायला हवं.

ते गणितही करून टाकते. रंगमंच साडेतीन फूट उंच धरला तर एकास बाराने बेचाळीस फूट उतार लागेल. तेवढी जागा कुठल्याही विंगेत नसते. म्हणून तिथे छोटी लिफ्ट लागते, खुर्चीसकट एक माणूस मावेल एवढी. तिचा दरवाजा प्रेक्षकांसमोर उघडता कामा नये, तो आत, मेकअप रूमच्या बाजूला उघडावा. म्हणजे उद्या एखादी मुलगी नाटकात काम करेल तेव्हा तिची एन्ट्री बाकीच्यांसारखीच विंगेतून होईल.